लेकरू एका जागी ठरत नाही, म्हणून शाळा सोडवायची का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा आणि आसपासच्या खेड्यांत एखादं लेकरू वर्गात ठरत नसेल, तर घरातलं पुढचं बोलणं बहुतेक ठरलेलं असतं. मास्तरांचा वहीवर शेरा येतो, शेजारी ‘उनाड आहे’ म्हणतात, आजी ‘याचा बापही असाच होता’ म्हणते. दोन-चार वेळा चारचौघांत अपमान झाला की आईवडिलांच्या मनात येतं, नाव काढून घेऊ, घरीच शिकवू. हा विचार मायेपोटी येतो, म्हणून तो झटकून टाकण्यासारखा नाही. तरीही डॉक्टर म्हणून माझं म्हणणं असं आहे की, लक्ष न टिकणाऱ्या मुलासाठी घर ही शिकण्याची फार चांगली जागा होऊ शकते, पण शाळा सोडणं हा त्याच्या त्रासावरचा उपचार होऊ शकत नाही. आधी तपासणी आणि उपचार, त्यासोबत शाळेच्या जोडीला घरचं शिकवणं, आणि शाळा सोडण्याचा विचार सगळ्यांत शेवटी, हाच क्रम असावा. हा क्रम उलटा झाला तर नुकसान मुलाचंच होतं.

या त्रासाला आम्ही एडीएचडी म्हणतो. लक्ष टिकत नाही, शरीर शांत बसत नाही, मनात आलेली गोष्ट थांबवता येत नाही, ही त्याची तीन अंगं. काही मुलांत तिन्ही दिसतात. काहींत, विशेषतः मुलींत, फक्त पहिलं दिसतं आणि ‘स्वप्नाळू आहे’ म्हणून सुटून जातं. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना हा त्रास असतो. आजीचं म्हणणं खोटं नसतं, कारण यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण ‘बापासारखाच’ म्हणून सोडून देणं हे त्यावरचं उत्तर नव्हे. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी अशा २२३ मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या बाह्य थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसातव्या वर्षी गाठत होती, तो ही मुलं साडेदहाव्या वर्षी गाठत होती. वाढीची दिशा तीच होती, वेग मागे होता. म्हणून ‘मुद्दाम करतो’ हा आरोप शास्त्राला धरून नाही. ‘मोबाइलवर दोन तास बसतो, मग अभ्यासाला का नाही?’ हा प्रश्नही हमखास येतो. मोबाइल दर काही सेकंदांना नवं दृश्य, नवं बक्षीस देतो. पाढे देत नाहीत. या मुलांना लक्ष नसतंच असं नाही, कंटाळवाण्या कामावर ते स्वतःच्या इच्छेने टिकवून धरणं त्यांना जमत नाही.

इथेच घरी शिकवण्याच्या बाजूचा खरा मुद्दा सापडतो आणि तो मान्य केला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे तीस मुलं असतात. एवढ्यांत एका मुलाला दर पाच मिनिटांनी ‘बरोबर, आता पुढचं’ म्हणणं कोणत्याही गुरुजींना शक्य नाही. घरी एकास एक बसलं की ते शक्य होतं. चूक लगेच कळते, शाबासकी लगेच मिळते, उठून दोन फेऱ्या मारता येतात. एडीएचडी असलेल्या मोजक्या मुलांवर अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात घरी शिकणारी मुलं प्रत्यक्ष अभ्यासात अधिक वेळ गुंतलेली आढळली, वाचन-गणितातही ती मागे पडली नव्हती. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येणार नाही. पण कारण समजण्यासारखं आहे. मुलाला लाभ होतो तो काम आणि त्यावरची दाद यांतलं अंतर कमी झाल्याचा, घराच्या चार भिंतींचा नव्हे. मानसशास्त्रज्ञ मार्क रॅपोर्ट यांच्या गटाच्या प्रयोगांत तर हालचाल करत असताना या मुलांची कार्यकारी स्मरणशक्ती उलट बरी चालते असं दिसलं. तेव्हा उभं राहून पाढे म्हणू देणं, पाय हलवू देणं याला लाड म्हणू नये.

मग घरीच का शिकवू नये? कारण काम आणि दाद यांतलं हे अंतर आपोआप कमी होत नाही, रोज शेजारी बसणारं शांत माणूस असेल तरच होतं. महाराष्ट्राने घरी शिकवण्याचा प्रयोग इच्छेविरुद्ध करून पाहिला आहे. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. मधल्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम चालली, पण घरात एकच मोबाइल, तोही वडिलांसोबत वावरात, अशी कित्येक घरांची स्थिती होती. आपल्या भागात पेरणीला आणि सोयाबीनच्या सोंगणीला घरातली सगळी मोठी माणसं बाहेर असतात. तेव्हा घरी शिकणारा मुलगा शेळ्यांमागे जाईल आणि घरी शिकणारी मुलगी भांडी, धुणं नि धाकट्या भावंडात अडकेल, हे उघड आहे. मुलीच्या बाबतीत तर शाळेतून काढलेलं नाव लवकर लग्नाच्या बोलण्यापर्यंत पोहोचू शकतं. शिवाय शाळेतलं दुपारचं जेवण, बरोबरीची मुलं, रांगेत थांबण्याची आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहण्याची रोजची सवय घरी मिळत नाही. आवर घालणं हेच ज्याचं दुबळं अंग आहे, त्याला या सवयीची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

सर्वांत भारी आक्षेप वेगळा आहे. ‘डॉक्टर, तिथे त्याला मार बसतो, मुलं चिडवतात. घरी निदान जीव तरी सुखात राहील.’ ही तक्रार खरी असू शकते आणि सतत हिणवलेल्या मुलात पुढे निराशा घर करते, हेही खरं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. ती पाळून घेण्याचा अधिकार तुमचा आहे. मुख्याध्यापकांकडे डॉक्टरांचा कागद घेऊन जा आणि चार गोष्टी मागा. पुढच्या बाकावर फळ्यासमोर जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या गणिताचे लहान तुकडे, आणि फळा पुसणं, वह्या गोळा करणं अशी उठण्याची कामं. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप औषधांचा. ‘गोळ्यांची सवय लागेल.’ अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात सात ते जवळपास दहा वर्षांच्या ५७९ मुलांवर १४ महिने वेगवेगळे उपचार करून पाहिले गेले. मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधांचा परिणाम फक्त वर्तन-उपचारांपेक्षा जास्त होता, आणि दोन्ही एकत्र केलेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली. पण तीन वर्षांनंतर गटांतला हा फरक उरला नव्हता. याचा अर्थ मी असा घेतो की, औषध उपयोगी आहे, पण त्याच्या आधाराने सवयी लावल्या नाहीत तर ते एकटं पुरत नाही. सहा वर्षांखालील मुलात आधी पालकांनी वागणूक घडवण्याची पद्धत शिकायची, औषध नंतर. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच मिळतात. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून उंची-वजन मोजत राहावं लागतं. योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली घेतलेल्या या औषधांनी व्यसन लागत नाही.

निदान मात्र घाईने करू नये. लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आणि बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. निदानाआधी कान, डोळे, रक्तातलं लोह, झोप तपासा. क्षणभर शून्यात पाहणं हा अपस्माराचाही प्रकार असू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. अध्ययन-अडचणी आणि एडीएचडी त्याच्या यादीत आहेत, तेव्हा त्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन मुलाबद्दल बोला. पुढे बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय, गरज पडल्यास अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गाडीभाड्याची अडचण असेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर विनामूल्य बोलता येतं.

एवढं सगळं करूनही शाळा जमतच नसेल, घरात रोज दोन तास देणारं शिकलेलं माणूस असेल, मुलाचे उपचार चालू असतील आणि खेळायला सोबती असतील, तर घरी शिकवण्याला माझी हरकत नाही. पुढची वाट बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. चौदा वर्षांपर्यंत मूल परत आलं तर वयानुरूप वर्गात घेणं शाळेवर बंधनकारक आहे. गंभीर विकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनेच दिला आहे.

पण बहुतेक घरांनी नाव शाळेतच ठेवावं आणि घरचं शिकवणं आज संध्याकाळी सुरू करावं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं अंगणात, असं तीनदा. एका वेळी तीनच गणितं, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला तिथल्या तिथे शाबासकी. हे चार आठवडे रोज करा आणि काय बदललं ते वहीत लिहा. तपासणीला येताना ती वही सोबत आणा. मुलाला पुढे शाळेत काय लागेल हे त्या वहीतून आम्हाला कळतं, आणि घरच्यांनाही.