मिनी ट्रॅक्टरचे तडकलेले बॉनेट : जोडावे की बदलावे?

प्रश्न : द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरचे प्लॅस्टिकचे बॉनेट कोपऱ्याला तडकले आहे. फेविक्विकने जोडले, पण पुन्हा उकलले. नवीनच घ्यावे का?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : लगेच नवीन घेऊ नका. आधी बॉनेटच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरे पाहा. ‘एबीएस’ असेल तर दोन भागांच्या इपॉक्सीने ते चांगले जोडले जाते. ‘पीपी’ असेल तर साधा गोंद धरत नाही. पीपीच्याच काडीने प्लॅस्टिक वेल्डिंग करून घ्या.

कोणत्याही प्रकारात आधी तडा संपतो तिथे ३ मिमीचे भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. जागा स्वच्छ करून पॉलिश पेपरने खरखरीत करा. आतून बारीक स्टीलची जाळी बसवली तर जोड हादरे सोसतो. वेल्डिंग मोकळ्या हवेत करा. धूर घातक असतो. बोल्टखाली रबरी वॉशर घाला, कारण तडे बहुधा बोल्टच्या भोकापासूनच सुरू होतात.

इंजिनाचा प्लॅस्टिकचा पंखा आणि डिझेलची टाकी मात्र कधीही जोडू नका. जोडलेला पंखा तोल बिघडून फुटतो आणि रेडिएटर फाडतो. टाकी गळली तर आगीचा धोका असतो. हे भाग नवीनच घ्या. दुकानात जाताना मॉडेल आणि चेसिस क्रमांक लिहून न्या.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून ट्रॅक्टर सावलीत उभा करा.