शाल-श्रीफळावर पगार होत नाहीत

अंध माणसाला कुणाच्या मदतीशिवाय वापरता येईल अशी वेबसाइट बनवून देणं हा धंदा की समाजसेवा? आम्हाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. पैसे मागायला बाहेर पडलो, तेव्हा प्रत्येकाने आपापलं उत्तर आमच्या हातात ठेवलं. बँकेतल्या साहेबांना ती समाजसेवा वाटली, सीएसआर पाहणाऱ्या मॅडमना तो चक्क धंदा वाटला, आणि गुंतवणूकदारांच्या मते धंदा होता, पण त्यांच्या कामाचा नव्हता. कौतुक मात्र तिघांनीही भरभरून केलं. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांनी आधी या कौतुकापासूनच सावध राहावं.

पुण्यात आम्ही दोघांनी हे सुरू केलं. मी डिझायनर, माझा भागीदार प्रोग्रामर. तो अंध आहे आणि पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर काम करतो. आमची पद्धत उलटी होती. इतर लोक क्लायंटला आधी होमपेजचं रंगीत चित्र दाखवतात. आम्ही आधी वेबसाइट ऐकवायचो. मथळे कुठल्या क्रमाने येतात, बटणाला नाव आहे का, माउसला हात न लावता पैसे भरण्यापर्यंत पोहोचता येतं का, हे आधी. रंग आणि फोटो सगळ्यात शेवटी. मराठी वेबसाइटच्या बाबतीत तर ऐकवण्याला पर्यायच नाही. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, आणि स्क्रीन रीडर तीच अगम्य बडबड वाचून दाखवतो. स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकापुढे तो गप्पच बसतो. क्लायंट हे ऐकून थक्क व्हायचे आणि मग विचारायचे, "ते ठीक आहे हो, पण साइट दिसणार कशी?"

गुंतवणूकदारांपुढे आम्ही जायचो ते आकडे घेऊन. २०११च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख, त्यातले जवळपास ३० लाख महाराष्ट्रात. शिवाय म्हातारपणी नजर अधू झालेले, हात थरथरणारे, यांची कुठे गणतीच नाही. मग कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा, तो लागू झाला एप्रिल २०१७मध्ये, आणि सेवा देणाऱ्या खासगी आस्थापनांनाही त्यात सुगम्यतेसाठी मुदत घालून दिलेली. एवढं सांगितलं की समोरचा माणूस उठून टाळ्या वाजवेल अशी आमची समजूत होती. एका बैठकीत एका वयस्क गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "दंड किती?" पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत. ते हसले. त्यांच्या हसण्याचा मला तेव्हा राग आला; आज वाटतं, त्या बैठकीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न तोच होता. कायदा आहे म्हणून बाजारपेठ तयार होत नाही. दंड टोचेल इतका असावा लागतो, नाहीतर ज्याच्या हाती परवाना आहे अशा कुणीतरी तारीख घालून द्यावी लागते.

तशी तारीख फार उशिरा आली. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. ३० एप्रिल २०२५ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आमचा फोन मात्र या निकालांनी वाजला नाही. वाजला तो ३१ जुलै २०२५च्या सेबीच्या परिपत्रकानंतर. शेअर ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा सगळ्यांनी आपल्या वेबसाइट आणि ॲप तपासून घ्यायच्या, अहवाल द्यायचे. मुदती पुढे सरकल्या तो भाग वेगळा, पण ज्यांनी आमचे मेल उघडलेही नव्हते त्यांच्या कंप्लायन्स विभागातून चौकशी सुरू झाली. म्हणून सांगते, तुमच्या सादरीकरणात जनगणनेचा आकडा एका ओळीत उरका. कुठल्या नियामकाने कुणाला काय करायला लावलं आहे, याला उरलेली जागा द्या.

गुंतवणूकदारांचं दुसरं दुखणं खरं होतं. आमचं उत्पन्न वाढवायचं तर माणसं वाढवावी लागत होती. त्यांना हवं असतं ते एकदा बनवून हजारदा विकता येईल असं काहीतरी. एका ठिकाणी तर प्रस्तावच आला: साइटवर कोडची एक ओळ टाकायची, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात. असं विजेट बनवा, पैसे आम्ही घालतो. माझा भागीदार म्हणाला, अशा साइटवर गेल्यावर मी पहिलं काम करतो ते हे विजेट बंद करण्याचं. त्याचा स्क्रीन रीडर अक्षर वाचतच असतो. त्याला अडचण असते ती नाव नसलेल्या बटणाची आणि पुढे जाऊ न देणाऱ्या कॅप्चाची, आणि ती मुळातला कोड नीट केल्याशिवाय जात नाही. आम्ही नाही म्हटलं आणि बोलणी तिथेच संपली. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका विजेट कंपनीच्या फसव्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला. ते वाचून समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या वेळी नाही म्हणताना पुढच्या महिन्याच्या पगाराची सोय नव्हती, हेही खरं. ज्याच्या उपयोगासाठी वस्तू बनवता, त्यालाच ती नकोशी होत असेल तर ते भांडवल घेऊ नका. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

सीएसआरचा मार्ग लवकर सांगून टाकते. हा पैसा ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ खालच्या कंपनीसारख्या संस्थांसाठी असतो; प्रायव्हेट लिमिटेडला देणगी म्हणून मिळत नाही. मग सल्ला मिळतो की एक संस्थाही काढा. दोन ऑडिट, दोन हिशेब, आणि कुठलं काम कुठल्या खिशातलं यावरून कायमची डोकेदुखी. दोन माणसांच्या कंपनीने यात पडू नये. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना मात्र आमच्यासारख्यांना जवळची होती. २०२१मध्ये ती आली तेव्हा प्रयोग सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान होतं, तेही इनक्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने. पण अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. आम्ही स्पर्धा, मंच आणि सत्कार यांच्यातून मोकळे होईपर्यंत ती दोन वर्षं उलटून गेली होती. एखादी योजना डोळ्यासमोर असेल तर तिची वयोमर्यादा कंपनी नोंदवण्यापूर्वी बघा, नंतर नव्हे.

शेवटी पैसा आला तो भलत्याच दिशेने. पूर्ण वेबसाइट विकायचं आम्ही थांबवलं आणि वेबसाइटच्या सुगम्यतेचं छोटं, नगदी ऑडिट विकायला लागलो. अहवालासोबत एक चित्रफीत असायची: अंध ग्राहक क्लायंटच्याच साइटवर वस्तू निवडतो, पैसे द्यायला निघतो आणि पैसे न देता परत जातो. डब्ल्यूसीएजी हे वेब सुगम्यतेचे निकष, ४.५ ला १ असा रंगांमधला फरक, हे सगळं अहवालात असायचंच, पण ती चित्रफीत फायनान्सच्या माणसाने पाहिली की दुरुस्तीचं काम मिळायचं. चित्रफितीत ग्राहक झालेल्या त्या अंध परीक्षकाला मानधन द्या आणि अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ ठेवा. "चांगल्या कामासाठी आहे, फुकट करतील ना?" असं विचारणारा क्लायंट पुढे तुमच्याकडूनही फुकटच मागतो. युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५पासून लागू झाल्यावर तिकडच्या एजन्सींची पोटकामंही येऊ लागली. तीही चांगली, कारण सेवेची निर्यात असल्याने आधी एलयूटी हे हमीपत्र भरून ठेवलं तर जीएसटी भरावा लागत नाही.

देशातल्या मोठ्या क्लायंटचं मात्र नीट समजून घ्या, कारण नव्या कंपन्या इथेच बुडतात. एक लाखाचं बिल केलं की त्यावर अठरा हजार जीएसटी. क्लायंट तीन महिन्यांनी पैसे देतो, पण जीएसटी साधारणपणे पुढच्याच महिन्यात सरकारला भरावा लागतो, म्हणजे तो तुमच्या खिशातून. पैसे येतात तेव्हाही व्यावसायिक सेवेवरचा दहा टक्के टीडीएस कापूनच येतात, आणि तो परत मिळतो रिटर्न भरल्यानंतर. मधल्या काळात पगार चालूच. त्यामुळे मोठी ऑर्डर जितकी मोठी, तितका खड्डा खोल. आमचा असा खड्डा आईच्या मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट काढून भरला. ठेव मोडावी लागली नाही, पण तिने पासबुक मागितलं की मी विषय बदलायची. घरावर तर चुकूनही काढू नका.

निम्मे पैसे आगाऊ, उरलेले दोन टप्प्यांत, आणि शेवटचा हप्ता साइट चालू होण्याआधी, एवढं करारात लिहून घ्या. जो म्हणेल "आमच्याकडे ॲडव्हान्सची पद्धत नाही," त्याला ऑडिटचा अहवाल विका आणि नमस्कार करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचं बंधन २००६च्या कायद्यातलंच आहे. तक्रारही करता येते, पण तक्रार केलेला क्लायंट पुन्हा काम देत नाही. खरी मदत झाली ती तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातल्या ४३बी(एच) या तरतुदीची. मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की त्यांचाच अकाउंटंट फोन करून तुमचं सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याचं उद्यम प्रमाणपत्र मागतो. ते पहिलं बिल करण्याआधीच काढून ठेवा. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.