घराआधी गल्ली बघ

राजा, पुण्यात घर घ्यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण फोनवर पाऊण तास सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्याचंच कौतुक चाललं होतं तुझं. तो सोफा बिल्डरचा आहे रे, तो काही तुझ्याबरोबर येत नाही. आत्याचं चार गोष्टींपुरतं ऐक. सूनबाईलाही वाचायला दे, ती तुझ्याहून व्यवहारी आहे.

१. रविवारी दुपारी जागा बघून ठरवू नकोस, सोमवारी सकाळी नऊला तिथून हिंजवडीला निघून बघ – सुट्टीच्या दिवशी पुण्यातला प्रत्येक रस्ता गुणी असतो.

२. 'होणार आहे' त्या मेट्रोचे पैसे आज मोजू नकोस – आज गाडी धावते तेवढीच मेट्रो. स्टेशन दहा मिनिटांवर म्हणाले, तर चालत जाऊन घड्याळ लाव.

३. पाण्याचं सेल्स ऑफिसात विचारू नकोस, शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचार, तेही मे महिन्यात – टँकर किती येतात हे गेट उघडणाऱ्यालाच माहीत. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली, पण पालिकेचं पाणी सगळीकडे लगेच पोचलं नाही. जमलं तर तिथल्या सेक्रेटरींना मेंटेनन्सचा हिशोब दाखवायला सांग. टँकरचा आकडा बघितलास की हप्त्याचं गणित पुन्हा मांडशील. उन्हाळ्यात पाणी बघावं, पावसाळ्यात रस्ता, आणि रात्री शेजार.

४. 'रिव्हर व्ह्यू'साठी जादा पैसे मागतील, तेव्हा आधी पूररेषेचा नकाशा माग – निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. २०१९च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्यानं एका रात्रीत काय केलं, ते पुण्यानं पाहिलंय. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर पार्किंगमध्ये उभा राहून भिंती बघ: कमरेपर्यंतच नवा रंग, मीटरची पेटी खांद्याच्या वर सरकवलेली, असं काही दिसलं की कारण विचार. ओढा आपली वाट विसरत नाही, माणूस सातबारा वाचायला विसरतो.

५. लग्नाच्या लॉन्सला लागून घर नको – तुळशीचं लग्न झालं की तुला मंगलाष्टका पाठ व्हायला लागतील, आणि चिंगीची परीक्षा नेमकी लग्नसराईत येते.

६. उरुळी-फुरसुंगीच्या बाजूला बघत असशील, तर कचरा डेपो किती लांब ते बघ, आणि संध्याकाळी वारा सुटल्यावर जा – वास ब्रोशरमध्ये छापता येत नाही.

७. समोरचं मोकळं मैदान 'असंच राहणार' म्हणाले, तर विकास आराखड्यात त्यावर काय आरक्षण आहे ते बघ – आज गुलमोहर, उद्या बावीस मजले.

८. शाळा, दवाखाना, वाण्याचं दुकान पायी अंतरावर हवं – दुधाच्या पिशवीसाठी गाडी काढावी लागली की आठवड्याभरात कंटाळशील.

९. महारेराचा नंबर साइटवर स्वतः टाकून बघ, आणि बांधून झालेल्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र मागितल्याशिवाय पुढे बोलूच नकोस – किल्ली कुणीही देतं. (हे परिसराचं नाही, पण राहवलं नाही. तसंच आणखी एक: घर फक्त सूनबाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. कर्जाचं कसं बसतं ते बँकेला आधी विचार.)

१०. जमत असेल तर त्याच भागात अकरा महिने भाड्यानं राहा – भाडं वाया गेलं असं सासरेबुवा म्हणतील, म्हणू देत. चुकीच्या जागी वीस वर्षांचा हप्ता त्याहून महाग पडतो.

११. भाव 'आजच्यापुरता'च आहे म्हणाले, तर चहा पिऊन घरी ये – घाई त्यांना असते, कर्ज तुला. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, कायदाच आहे तसा.

आणि टोकनचा चेक फाडण्याआधी मला एक फोन कर, कितीही वाजले असले तरी.