शुगी ओटिसची कोणती आवृत्ती घ्यावी?

प्रश्न : ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ हा सोल-फंक अल्बम दोन पुनर्प्रकाशित आवृत्त्यांत दिसतो. निवड कशी करावी?

उत्तर : मूळ अल्बम १९७४चा, एपिक कंपनीचा. तंतुवाद्ये आणि ब्रास सोडले तर जवळजवळ सगळी वाद्ये ओटिसने एकट्याने वाजवली. विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराचे हे काम थक्क करणारे आहे. तेव्हा मात्र त्याकडे फारसे कुणी फिरकले नाही.

२००१मध्ये डेव्हिड बर्नच्या ‘लुआका बॉप’ या कंपनीने तो परत आणला, सोबत १९७१च्या ‘फ्रीडम फ्लाइट’मधली चार गाणी जोडून. त्यांतले ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ ब्रदर्स जॉन्सननी १९७७मध्ये गाजवले होते. त्यांच्या त्या गाण्याचा निर्माता होता क्विन्सी जोन्स. २०१३च्या आवृत्तीत ‘विंग्ज ऑफ लव्ह’ ही अप्रकाशित गाण्यांची दुसरी सीडी मिळते. ती ऐकण्याजोगी आहे, पण १९७४ची जादू तिच्यात नाही.

म्हणून नवख्याने २००१ची घ्यावी, ओटिसच्या प्रेमात पडलेल्याने २०१३ची. आवृत्ती पारखायला या अल्बममधले ‘आट अह मी हेड’ आधी हेडफोनवर ऐकावे. ऱ्हिदम बॉक्सची (ड्रम मशीनची) कोरडी टिकटिक ऑर्गनखालून सुटी ऐकू यायला हवी. पुनर्प्रकाशन करताना आवाज नुसताच चढवला असेल, तर हीच टिकटिक आधी हरवते.