हवा हवी!

(लहान गाडीतून प्रवास करताना गरम कॉफी कशी करावी आणि ती करताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, डिसेंबरचा महिना आहे. पहाटेची वेळ आहे. गोंदिया जिल्ह्यात या दिवसांत कडाक्याची थंडी पडते. कधीकधी पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. धानाची कापणी झालेली शेते दवाने भिजून जातात. अशा वेळी गरमागरम कॉफीचा पेला कोणाला नको असतो?

समजा, तुमच्या मामूंनी एक जुनी, लहान व्हॅन घेतली आहे. मागची बाके काढून त्यांनी तेथे झोपायला लाकडी फळी बसवली आहे. फळीखाली पाण्याचा डबा, भांड्यांची पेटी आणि एक छोटी गॅसची शेगडी ठेवली आहे. खिडक्यांना पडदे लावले आहेत. झाले चालतेफिरते घर तयार! अशा गाडीला 'कॅराव्हॅन' म्हणतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटतो ना? फारसीतील 'कारवाँ' या शब्दापासून तो आला आहे. पूर्वी कारवाँ उंटांचा असे, आता तो चाकांवर चालतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांमधून पर्यटन करण्याविषयी एक धोरणही जाहीर केले.

तर चला, गाडीत बसा. गोरेगावहून आपण कोहमाऱ्याच्या दिशेने निघालो आहोत. गाव मागे पडते आणि थोड्याच वेळात मुरदोलीचे जंगल लागते. नागझिरा आणि नवेगाव ही प्रसिद्ध जंगले याच भागात आहेत. दोन्ही मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. या रस्त्यावरून वन्य प्राणी ये-जा करतात. म्हणून येथे गाडी सावकाश चालवायची, पण थांबायचे नाही.

पुढे कोहमाऱ्याला मोठा महामार्ग मिळतो. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला रायपूर. या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. अनेक ट्रकचालक स्टोव्ह, पातेले, डाळ आणि तांदूळ बरोबर घेऊन प्रवास करतात. त्यांच्यातील जाणत्या माणसांकडे नीट पाहा. ते आधी ट्रक मोकळ्या जागी उभा करतात. मग स्टोव्ह खाली जमिनीवर उतरवतात आणि तेथे चहा किंवा जेवण करतात. ते असे का करत असतील?

या प्रश्नाचे उत्तर आपण आता शोधू.

मामूंनी गाडी थांबवली आहे. बाहेर बोचरा वारा सुटला आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "मामू, दार लावून घ्या ना! आतच कॉफी करू. गाडीही गरम होईल."

थांबा! दार लावू नका. आपण आधी थोडे गणित करू.

गाडीचा मागचा भाग ३ मीटर लांब, १.६ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच आहे, असे धरा. त्यात ६ घनमीटर हवा मावेल. आता आपला वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, असे धरा. त्यात १४४ घनमीटर हवा मावेल. म्हणजे एका वर्गात अशा २४ गाड्यांची हवा असते! एवढ्याशा गाडीत चार माणसे श्वास घेणार आणि वर शेगडीही जळणार. माणसाला ऑक्सिजन लागतो, तसाच तो ज्योतीलाही लागतो. दार बंद असेल तर तो भराभर कमी होतो.

ऑक्सिजन कमी पडला की जळण नीट जळत नाही. मग कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. तो आला हे नाकाला कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते. चक्कर येते. मळमळते. मग झोप येऊ लागते. माणसाला वाटते, प्रवासाने थकलो म्हणून झोप येत आहे. तो डोळे मिटतो आणि झोपेतच बेशुद्ध होतो. हिवाळ्यात बंद खोलीत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे अशीच प्राणास मुकतात. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणेही तितकेच धोक्याचे आहे.

असे कोणाला झाले तर काय करावे? त्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. अंगावरचे कपडे सैल करावेत. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. "झोपला आहे, झोपू द्या," असे कधीही म्हणू नये.

आता कळले ना, जाणते ट्रकचालक स्टोव्ह खाली का उतरवतात ते? चला, आपणही तसेच करू.

गाडी सपाट, मोकळ्या जागेवर उभी करा. इंजिन बंद करा. हातब्रेक ओढा. शेगडी खाली उतरवा आणि गाडीपासून दोन-तीन पावले दूर ठेवा. जवळपास वाळलेले गवत किंवा पाचोळा नसावा. पेटवण्यापूर्वी वास घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, कारण गळती लगेच कळावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर गाडीच्या तळाशी साचून राहतो. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका. दारे उघडा, गॅस बंद करा आणि सर्वजण दूर जा.

वास नाही? मग पेटवा. ज्योत निळी असावी. पिवळी, धुरकट ज्योत दिसली तर जळण नीट होत नाही, असे समजा.

कॉफीसाठी दक्षिणेकडील घरांत असतो तसा स्टीलचा फिल्टर घ्या. त्यात एकावर एक दोन भांडी असतात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्या भांड्यात चार लहान चमचे कॉफीची पूड शिगोशीग भरून घाला आणि हलकेच दाबा. दीड कप पाणी उकळा. उकळी आल्यावर अर्धे मिनिट थांबा. मग ते पाणी हळूहळू पुडीवर ओता आणि झाकण ठेवा. आता घाई करू नका. दहा-पंधरा मिनिटांत गडद, सुवासिक अर्क थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरतो. या कामाला आच लागत नाही, म्हणून फिल्टर खुशाल गाडीत नेऊन ठेवा. तोवर बाहेर दूध तापवा. पेल्यात थोडा अर्क, त्याच्या दुप्पट दूध आणि चवीपुरती साखर घाला. कॉफी तयार!

कॉफीचा घोट घेता घेता एक गोष्ट ऐका. 'कॉफी' हा शब्द अरबी भाषेतील 'कहवा' या शब्दापासून आला आहे. असे सांगतात की, सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हजला गेले होते. परतताना त्यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. ते डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आपल्या विदर्भातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला कॉफी पिकते.

कॉफी पिऊन झाली. लगेच निघायचे नाही. गॅस बंद झाला का, ते पुन्हा पाहा. शेगडी पूर्ण थंड होऊ द्या, मगच ती गाडीत ठेवा. जळालेली काडी पाण्यात बुडवा. फेब्रुवारी ते जून या काळात तर जंगलाच्या आसपास काडीही ओढू नका. त्या दिवसांत घरूनच थर्मासमध्ये कॉफी भरून न्या. राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा लागला. तो विझवताना तीन वनमजुरांना आपले प्राण गमवावे लागले. एका ठिणगीची किंमत केवढी असते, हे विसरू नका.

मुलांनो, 'हवा' हा शब्द तुम्ही घरी उर्दूतही बोलता. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ तुमचाच, म्हणजे श्वासाची हवा. दुसरा अर्थ 'पाहिजे', म्हणजेच तुमचे 'चाहिए'. मामूंना चहा हवा, अम्मीला कॉफी हवी, भावाला दूध हवे. प्रत्येकाची आवड वेगळी. पण गाडी लहान असो की मोठी, एक गोष्ट मात्र सर्वांनाच हवी. ती म्हणजे हवा! म्हणून शेगडी पेटवण्याआधी स्वतःला विचारा, "दार उघडे आहे ना?"

शब्दार्थ

कडाक्याची – अतिशय तीव्र
बोचरा – टोचणारा
जाणता – समजदार, अनुभवी
शिगोशीग – काठोकाठ, वर ढीग येईपर्यंत
अर्क – सत्त्व, सार
आच – विस्तवाची उष्णता
वणवा – जंगलात लागलेली आग
प्राणास मुकणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कॅराव्हॅन' हा शब्द कोणत्या शब्दापासून आला आहे?
(आ) कोहमाऱ्याला मिळणाऱ्या महामार्गाचा आजचा क्रमांक कोणता?
(इ) बाबा बुदन यांनी किती बिया आणल्या, असे सांगतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कार्बन मोनॉक्साइड ओळखता का येत नाही?
(आ) गॅसचा वास आल्यास काय करावे?
(इ) फिल्टर गाडीत नेला तरी का चालतो?

प्र. ३. 'हवा', 'हवी', 'हवे' यांपैकी योग्य शब्द लिहा.
(अ) मला पाणी ______.
(आ) दादीला शाल ______.
(इ) अब्बांना रुमाल ______.

प्र. ४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या स्वयंपाकघराची लांबी, रुंदी व उंची मोजा. त्यात किती घनमीटर हवा मावते ते काढा. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट कोठे आहे, ते घरातील मोठ्यांना दाखवा.