निकेल बाथमध्येच ठेवा

प्रश्न : आमचं निकेल प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. सांडपाण्यासाठी मोठा प्लांट बसवावा का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी जॉब बाथमधून बाहेर येताना पाहा. तुमचं महागडं निकेल तिथूनच धुण्याच्या पाण्यात जातं. जॉब सावकाश उचला, बाथवरच १०-२० सेकंद निथळू द्या. धुण्याची टाकी एकच असेल तर दुसरी जोडाच. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा, तिथून पहिलीत येऊ द्या. जॉबला चिकटून आलेलं १ लिटर द्रावण हजारपट पातळ करायला एका टाकीत सुमारे १००० लिटर पाणी लागतं. अशा दोन टाक्यांत हिशेबाने ३२ लिटर पुरतं! गरम बाथमधलं पाणी उडतं, ती घट पहिल्या टाकीतल्या पाण्याने भरा. मात्र त्यातून अशुद्धी साचते, बाथ नियमित तपासून घ्या.