गाडी कां लागते? रोलर कोस्टरच्या निमित्तानें एक पाठ

मराठी भाषेंत ‘लागणें’ या क्रियापदाचे अर्थ मोजूं गेल्यास वहीचें एक पान सहज भरेल. भूक लागते, तहान लागते, ठेंच लागते, आणि प्रवासांत कित्येकांना गाडी लागते. मुंबईहून कोकणांत आगबोटी जात असत त्या काळीं लोकांना बोट लागत असे. आतां घाटांतील वळणांवर एस. टी. लागते. वाहन बदललें, परंतु तक्रार तीच राहिली. पाश्चात्य भाषांत मळमळीसाठीं जो शब्द रूढ आहे, त्याचेंहि मूळ ‘नौका’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांत सांपडतें. यावरून हें दुखणें किती जुनें आहे हें ध्यानांत येईल.

या जुन्या दुखण्यास अलीकडे एक नवें क्षेत्र मिळालें आहे. २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका हें क्रीडोद्यान सुरू झाल्यापासून रोलर कोस्टर, म्हणजे उंचसखल व वळणावळणाच्या रुळांवरून वेगानें धावणारी उघडी गाडी, हा आमच्या मुलांच्या बोलण्याचा एक मोठा विषय होऊन बसला आहे. परंतु बहुतेक वर्गांत दोनचार मुलें अशीं असतात कीं, सहलीची सूचना फळ्यावर लागली कीं त्यांच्या पोटांत गोळा उठतो. बसमध्येंच उलटी होते, मग त्या गाडीवर काय होईल, आणि न बसावें तर सोबती भित्रा म्हणतील, या दुहेरी काळजीनें तीं सहलीस येण्याचेंच टाळतात. हा पाठ मुख्यतः अशा विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं आहे. त्यांतील सार प्रथमच सांगून ठेवतों: गाडी लागणें हा मनाचा दुबळेपणा नव्हे, निरोगी कान व निरोगी डोळे यांच्यामधील तो एक वाद आहे. वाद कशाबद्दल आहे हें समजलें म्हणजे तो पुष्कळ अंशीं मिटवितांहि येतो.

खेळाचा पूर्वेतिहास

हा खेळ मूळचा रशियांतील. तेथें सतराव्या व अठराव्या शतकांत हिवाळ्यामध्यें उंच लाकडी सांगाडे उभारून त्यांवर बर्फाचा थर गोठवीत, व त्यावरून घसरत खालीं येण्याची मौज लुटीत. १८१७ सालीं पॅरिस येथें चाकांच्या गाड्या व त्यांना जखडून ठेवणारा मार्ग अशी या खेळाची सुधारलेली आवृत्ति निघाली. पुढें १८८४ सालीं न्यू यॉर्कमधील कोनी आयलंड येथें लामार्कस थॉम्पसन या गृहस्थानें आपली गाडी सुरू केली. तिचा वेग ताशीं सुमारें ६ मैल, म्हणजे जेमतेम धांवणाऱ्या मुलाइतका. भाडें ५ सेंट. आणि उतारू बाजूला तोंड करून बसत. गंमत अशी कीं, फ्रेंच लोक या खेळास अद्यापि ‘रशियन डोंगर’ म्हणतात, तर रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन टेंकड्या’ म्हणतात!

गाडीला उभ्या वेटोळ्यांतून उलटी फिरविण्याचा प्रयत्न कोनी आयलंडवर १८९५ सालींच झाला होता. परंतु तें वेटोळें पूर्ण वर्तुळाकार असल्यामुळें त्यांत शिरतांक्षणींच उतारूंच्या शरीरावर एकाएकीं मोठा दाब पडे व मानेला हिसका बसे. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील मॅजिक माउंटन येथें जें पोलादी वेटोळें उभें राहिलें, त्याचा आकार पूर्ण वर्तुळासारखा नसून, उलट्या धरलेल्या थेंबासारखा होता. त्यांत वळण हळूहळू वाढत जाऊन दाब बेताचा राहतो. येथें एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मनुष्याचें शरीर यंत्राप्रमाणें बदललें नाहीं. यंत्र करणारांनीं शरीराचें म्हणणें ऐकून घेतलें, तेव्हांच तो खेळ सुखाचा झाला. जें यंत्रकारांस करावें लागलें, तेंच उतारूनेंहि करावें.

कानांतील तराजू

कान केवळ ऐकण्यासाठीं आहे असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक कानाच्या अगदीं आंतल्या भागांत शरीराचा तोल सांभाळणारें एक नाजूक इंद्रिय आहे. त्यांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्या खोलीच्या कोपऱ्यांत मिळणाऱ्या दोन भिंती व जमीन यांच्याप्रमाणें परस्परांशीं काटकोनांत आहेत. त्या द्रवानें भरलेल्या असतात. डोकें फिरलें कीं नलिका फिरते, परंतु आंतील द्रव क्षणभर मागें राहतो, आणि त्यामुळें तेथील सूक्ष्म केसांसारखे तंतु वांकून ‘आपण फिरत आहों’ अशी वर्दी मेंदूस देतात. नलिकांच्या जवळच दोन लहान पिशव्या आहेत. ज्या द्रव्याची चुनखडी बनते त्याच द्रव्याचे बारीक कण त्यांत असतात. आपण वरखालीं किंवा मागेंपुढें हाललों म्हणजे ते कण सरकतात व त्या हालचालीची वर्दी जाते. तोलाच्या या इंद्रियाविषयींच्या संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांस १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

याचा प्रयोग आमच्या मुलींनीं नकळत अनेकदां केला आहे. जोरानें फुगडी घालून एकदम थांबलें म्हणजे अंगण फिरतच राहतें. अंगण फिरत नाहीं. पाय थांबले तरी कानांतील द्रव आणखी कांहीं वेळ वाहत असतो, एवढेंच. डोळे म्हणतात, ‘थांबलों’. कान म्हणतो, ‘अजून फिरतों आहें’. मेंदूनें कोणाची साक्ष खरी मानावी?

वादाचें स्वरूप

हीच साक्षींची विसंगति गाडी लागण्याचें मूळ होय, असें आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. बसमध्यें पुस्तक वाचणाऱ्या मुलाचे डोळे स्थिर अक्षरांवर असतात, म्हणून ते ‘आपण स्वस्थ बसलों आहों’ असें सांगतात. कान मात्र प्रत्येक वळण मोजीत असतो. उलट, मोठ्या पडद्यासमोर बसवून विमान उडाल्याचा भास करणाऱ्या खेळांत डोळे ‘उडालों’ म्हणतात व कान ‘हाललोंच फारसे नाहीं’ म्हणतो. दोहोंचा परिणाम एकच. चालकाला स्वतःची गाडी सहसा लागत नाहीं, कारण पुढील वळण त्याला आधींच ठाऊक असतें. त्याचा मेंदू गतीची वाट पाहत असतो, गतीनें चकित होत नाहीं.

कानाचा यांत हात आहे याला जुना पुरावा आहे. १८८२ सालीं विल्यम जेम्स या अमेरिकन पंडितानें पांचशेंहून अधिक मूकबधिरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं पुष्कळांना गरगर फिरविलें तरी घेरी म्हणून आली नाहीं. ज्यांच्या कानांतील तोलाचें इंद्रियच निकामी झालें आहे, त्यांना हा वाद ठाऊक नसतो. म्हणजे ज्याला गाडी लागते, त्याचें हें इंद्रिय जागें आहे असेंच म्हटलें पाहिजे.

परंतु कान व डोळे भांडले तर पोटानें कां बिघडावें? १९७७ सालीं ट्रीस्मन या शास्त्रज्ञानें अशी उपपत्ति मांडली कीं, विषारी अन्न पोटांत गेल्यावरहि इंद्रियांच्या साक्षी अशाच विसंगत होतात. म्हणून मेंदू विषबाधा झाली असें समजून पोट रिकामें करूं पाहतो. ही उपपत्ति सर्वांस मान्य झालेली नाहीं, तथापि विचार करण्याजोगी आहे.

कोणती गति अधिक बाधते?

अधिक वेग म्हणजे अधिक मळमळ, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाहीं. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांना एका खोलींत बसवून वरखालीं हालविलें, तेव्हां असें दिसलें कीं, सुमारें पांच सेकंदांत एक हेलकावा अशी मंद गति सर्वांत बाधते. समुद्रांतील बोटीची गति साधारण याच जातीची. रोलर कोस्टरचे हिसके याहून बरेच जलद असतात, आणि बहुधा दोनतीन मिनिटांत सर्व खेळ आटोपतो. म्हणून ज्यास बस लागते त्यास रोलर कोस्टर बाधेलच, असा नियम नाहीं. उलट, एकाच जागीं गरगर फिरविणारे पाळणे व कपबश्या, आणि पडद्यावरील भासाचे खेळ, दिसण्यांत सौम्य असूनहि कित्येकांना अधिक त्रास देतात. खेळाची निवड त्याच्या उंचीवरून न करतां गतीच्या जातीवरून करावी.

येथें आणखी एक भेद ओळखला पाहिजे. गाडी चढावर जात असतां छाती धडधडते, ती भीति होय. शिखरावरून खालीं झेंपावतांना अंग आसनावरून उचलल्यासारखें होऊन पोटांत खड्डा पडतो. तो क्षणभर वजन हरपल्याचा अनुभव होय, आणि तो क्षणांतच सरतो. गाडी लागणें हें तिसरेंच. त्याचीं चिन्हें म्हणजे वारंवार जांभया, तोंडाला पाणी सुटणें, चेहरा फिका पडणें, थंड घाम, आणि बोलक्या मुलाचें एकाएकीं गप्प होणें. हीं चिन्हें शिक्षकांनीं व पालकांनीं ओळखावीं, कारण मूल लाजेनें स्वतः सांगत नाहीं.

पाळावयाचे नियम

पुण्याहून जाणाऱ्या मुलांना खोपोलीस पोंचण्यापूर्वींच बोरघाट उतरावा लागतो. त्यामुळें कित्येकांची निम्मी शक्ति वाटेंतच खर्च होते. अशांनीं बसमध्यें पुढें बसावें, समोरचा रस्ता पाहावा, वाचन व मोबाइल दूर ठेवावे, आणि उतरल्यावर अर्धा तास तरी सावलींत बसून मगच खेळाकडे वळावें. मळमळत असतांना रांगेंत उभें राहूं नये.

पोट तुडुंब नसावें व अगदीं रिकामेंहि नसावें. खेळापूर्वीं तासदीड तास हलकें खावें. लोणावळ्यास थांबून खाल्लेले तळलेले वडे येथें शत्रु ठरतात. पाणी थोडें थोडें प्यावें. आमच्या आज्या प्रवासांत आलेपाकाची वडी जवळ ठेवीत. आल्यानें मळमळ कमी होते असें कांहीं प्रयोगांत आढळलें, कांहींत आढळलें नाहीं. परंतु वडीनें अपाय सहसा नाहीं.

पहिल्यानें लहान गाडीवर बसावें. मोठीवर बसतांना मधलें आसन घ्यावें, कारण शेवटच्या डब्यास शिखरावर हिसका अधिक बसतो. किंवा पुढें काय येणार हें दिसल्यानें ज्यांस बरें वाटतें त्यांनीं सर्वांत पुढें बसावें. डोकें आसनाच्या पाठीस टेंकून स्थिर ठेवावें, कारण अंग फिरत असतां मान इकडेतिकडे वळविल्यानें घेरी वाढते. डोळे उघडे ठेवून पुढील रुळांकडे पाहावें. पडद्यावरील खेळांत मात्र याच्या उलट, त्रास वाटूं लागतांच डोळे मिटावे. कितीहि मळमळलें तरी गाडी थांबेपर्यंत अडकविलेला दांडा सोडण्याचा प्रयत्न करूं नये. एका खेळानंतर दुसऱ्यावर लागलीच चढूं नये.

पालकांसाठीं दोन शब्द औषधांविषयीं. १९४७ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथें एका स्त्रीला अंगावरील पित्तासाठीं एक नवें औषध दिलें होतें; तें घेतल्यापासून आपल्याला ट्राम लागत नाहीं असें तिच्या ध्यानांत आलें, आणि त्यावरून गाडी लागण्यावरील एक प्रसिद्ध गोळी प्रचारांत आली. परंतु अशा गोळ्यांनीं झोंप येते, व त्या आधीं घ्याव्या लागतात. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचें काम मंदावतें, म्हणून मग घेतलेली गोळी लागू पडत नाहीं. डॉक्टरांस विचारल्यावांचून मुलांस त्या देऊं नयेत. हृदयविकार, मानेचें किंवा पाठीचें दुखणें असणारांनीं या खेळांपासून दूरच राहावें, आणि उंचीचा नियम लिहिलेली पाटी वादाविना पाळावी. सहा ते बारा वर्षें या वयांत गाडी लागण्याचा त्रास सर्वांत अधिक असतो व पुढें बहुधा कमी होतो, हें मुलांना अवश्य सांगावें.

भित्रा कोण?

ट्रफाल्गारचा वीर नेल्सन यास जन्मभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ पासून १८३६ पर्यंत बीगल जहाजावर होता, आणि समुद्र खवळला कीं आडवा पडून राही. तरी त्याच प्रवासांत त्यानें गोळा केलेल्या सामग्रीनें जीवशास्त्राचें रूप पालटलें. यांना भित्रे म्हणण्याचें धाडस कोण करील?

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, सहलीच्या दिवशीं दोन प्रकारचें धैर्य लागतें. ज्याला बसावेंसें वाटतें परंतु मळमळीचें भय आहे, त्यानें वरील नियम पाळून लहान गाडीपासून आरंभ करावा. शरीर हळूहळू सरावतें. आणि ज्याला पूर्वानुभवानें ठाऊक आहे कीं आपल्याला हा खेळ बाधतो, त्यानें सर्वांसमक्ष ‘मी बसणार नाहीं’ असें स्पष्ट सांगावें. हेंहि धैर्यच, आणि कित्येकदां तेंच अधिक कठीण. बाकीच्यांनीं त्याची थट्टा न करतां आपल्या पिशव्या त्याच्या स्वाधीन कराव्या, आणि परत येतांना घाट चढावयाचा आहे हें आठवून बसमधील पुढचें आसन त्याच्यासाठीं राखून ठेवावें.